वडिलांचं पीक कर्ज थकीत आहे. बहिणीच्या नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं कुटुंब, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. प्रवर्ग ओबीसी, उत्पन्नाचा दाखला १,२०,००० चा. बहिणीला कॅप (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून नागपूरजवळच्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली. कॉलेजच्या पत्रकात वर्षाची शिक्षण शुल्क १,००,०००, विकास निधी वगैरे २०,००० आणि हॉस्टेल-मेस ६६,००० लिहिलं आहे. वडिलांच्या नावावरचं ९०,००० चं पीक कर्ज दोन हंगामांपासून भरलेलं नाही. जवळच्या शाखेत उत्तर मिळालं, "वडील थकबाकीदार आहेत, एफडी ठेवा नाहीतर सातबारा आणा, मग बघू." नेट कॅफेवाला म्हणतो, सरळ साडेसात लाखांचा अर्ज टाका. फी भरायला नऊ दिवस उरले आहेत. विचारणारा भाऊ बुटीबोरीला कंपनीत आहे, पगार १४,०००.

भाऊ, तुम्ही विचारलंय की कर्ज मिळेल का. मिळायला हरकत नसावी. पण फाइल अडते ती दुसऱ्याच ठिकाणी: सहकर्जदार म्हणून कोणाचं नाव घातलं, रक्कम किती मागितली आणि उत्पन्नाचा दाखला कोणत्या तारखेला बँकेत दिला. या तीन गोष्टी शाखेत पाऊल टाकायच्या आधी घरी बसून ठरवायच्या असतात. लोक ते काउंटरवर उभं राहून ठरवतात आणि मग समोरचा सांगेल तसं करत जातात.

आधी एफडी आणि सातबाऱ्याचं बघू, कारण ते सोपं आहे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत केंद्राची शैक्षणिक कर्ज हमी योजना आहे. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी राष्ट्रीय पतहमी कंपनी घेते. या योजनेत बसणाऱ्या कर्जाला तारणही नको आणि तिसरा जामीनदारही नको. शाखेतल्या माणसाने एफडी मागितली ती स्वतःच्या सोयीसाठी. सातबाऱ्याची गंमत वेगळीच आहे. थकीत कर्जापोटी कोर्टाबाहेर मालमत्ता ताब्यात घ्यायचा जो सरफेसी कायदा बँकांच्या हातात आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे मोठ्या कर्जालासुद्धा बँका तारण म्हणून शेतीकडे फारशा वळत नाहीत. त्यांना एनए (बिनशेती) प्लॉट किंवा शहरातला फ्लॅट हवा असतो. भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागणारी) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर विषयच संपला. तुमच्या सातबाऱ्यावर पीक कर्जाचा बोजा आधीच चढलेला असणार. तो कागद नेऊन फायदा शून्य, उलट थकबाकीची चर्चा पुन्हा निघते.

आता खरी गाठ, म्हणजे थकीत पीक कर्ज. शैक्षणिक कर्जात मुलगी मुख्य कर्जदार आणि आई किंवा वडील सहकर्जदार. कर्ज फेडायचं ते मुलीच्या पुढच्या पगारातून, म्हणून आज घरात पैसा किती आहे याला कमी महत्त्व असतं. पण सहकर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा इतिहास, संगणकात ओढला जातो आणि तिथे लाल दिवा लागला की शाखाधिकाऱ्याला फाइल पुढे सरकवणं जड जातं. कापूस-सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकलं की खातं एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत खातं) होतं. तुमच्या वडिलांचं खातं बहुतेक त्याच रेषेवर किंवा रेषेपलीकडे आहे.

मार्ग तीन आहेत, आणि कोणता चालेल ते घरच्या कागदांवर ठरेल.

पहिला, सहकर्जदार आईला करा. बहुतेक घरांत हाच सर्वांत स्वच्छ मार्ग असतो, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय आईचं नाव पुढे करू नका. लक्ष्मी मुक्ती योजनेत किंवा वाटणीत आईचं नाव सातबाऱ्यावर आलं असेल तर नुसत्या त्या नावाने ती थकबाकीदार होत नाही. मात्र पीक कर्जाच्या कागदांवर तिने सहहिस्सेदार म्हणून सही केली असेल तर तेच थकीत खातं तिच्याही रिपोर्टमध्ये असू शकतं. दुसरी गोष्ट बचत गटाची आणि मायक्रोफायनान्सची. गल्लीत आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीचे चार हप्ते चुकले असतील तर ते क्रेडिट ब्यूरोकडे गेलेले असतात, घरात कोणाच्या ध्यानीमनी नसलं तरी. देशात चार क्रेडिट ब्यूरो आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आईचा सिबिल आणि हाय मार्क हे दोन तरी आज रात्रीच काढा. गटाची आणि मायक्रोफायनान्सची कर्जं हाय मार्कमध्ये जास्त हमखास दिसतात. आईच्या नावावर कधीच कर्ज नसेल तर स्कोअरच्या जागी उणे १ येतो. तो वाईट स्कोअर नाही. त्याचा अर्थ एवढाच की पाटी कोरी आहे, आणि शैक्षणिक कर्जाला कोरी पाटी चालते. शाखेतला नवखा अधिकारी उणे बघून दचकतो, त्याला हे शांतपणे सांगावं लागतं.

आईचं पॅन कार्ड नसतं, ही इथली कायमची अडचण. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आयकर खात्याच्या साइटवर ई-पॅन थोड्या वेळात आणि फुकट निघतं. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र, म्हणजे काही दिवस गेले. नऊ दिवसांत हे काम सर्वांत आधी लावा.

दुसरा मार्ग, पीक कर्ज नियमित करणं. इथे एक सापळा आहे. बँका एनपीए खात्याला एकरकमी तडजोड देऊ करतात: ९०,००० पैकी ५५,००० भरा, बाकी सोडतो. ऐकायला गोड. पण त्याने रिपोर्टमध्ये खातं 'सेटल्ड' दिसतं आणि ती नोंद पुढची कित्येक वर्षं सहकर्जदाराच्या नावाला चिकटून राहते. मुलीच्या कर्जात वडिलांनाच सहकर्जदार करायचं असेल तर तडजोड नको. पूर्ण थकबाकी भरून कर्जाचं नवं-जुनं करून घ्या. आईच सहकर्जदार असेल तर मात्र तडजोड घ्यायची की नाही हा शेतीचा वेगळा हिशेब आहे, तो कॉलेजच्या घाईत करू नका. कर्जमाफी येईल म्हणून मुद्दाम थकवलं असेल तर त्याची किंमत अशी भलत्याच टेबलावर मोजावी लागते, एवढं फक्त म्हणतो. पैसे भरल्यावर ब्यूरोकडची नोंद आपोआप बदलते, पण लगेच नाही. जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे. म्हणून भरल्याची पावती आणि नादेय दाखला फाइलला लावा. २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेलं जुनं खातं अजून थकीत दिसत असेल तर ब्यूरोकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची तरतूद आहे.

तिसरा मार्ग तुम्ही स्वतः. भाऊ सहकर्जदार चालतो की नाही हे बँकेगणिक बदलतं. काही बँका आई-वडील हयात असताना फक्त पालकच घेतात, काही आई आणि पगारदार भाऊ दोघांनाही घेतात. १४,००० चा पगार बँक खात्यात जमा होत असेल आणि तुमच्यावर मोबाइल-गाडीचा हप्ता थकलेला नसेल तर तुमचं नाव फाइलला वजन देतं. मात्र एक लक्षात असू द्या: उद्या तुम्हाला घर बांधायला कर्ज हवं असेल तेव्हा हे कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये उभं असेल.

बाय द वे, निव्वळ सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचं कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. आपल्याकडच्या शाखेवर तो निकाल थेट बंधनकारक नाही. भांडायला बरा मुद्दा आहे, भांडणाशिवाय काम होत असेल तर काढू नका.

आता रक्कम. कॅफेवाल्याचे साडेसात लाख कुठून आले ते कळतं: १,८६,००० गुणिले चार वर्षं, ७,४४,०००. पण यात तो एक गोष्ट विसरला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला नको. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत, म्हणून कॉलेज संलग्न आहे की अभिमत विद्यापीठाचा भाग आहे हे आधी बघा. मुद्दा बारीक वाटतो, पण चार वर्षांत चार लाखांचा फरक पाडतो. तुमच्या बहिणीची जागा कॅपची आहे. म्हणजे १,००,००० ची शिक्षण शुल्क महाडीबीटीतून, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलमधून, जाणार. उरतात २०,००० इतर शुल्क, ६६,००० हॉस्टेल-मेस आणि पुस्तकं, गणवेश, प्रॅक्टिकलचं साहित्य, येणं-जाणं मिळून १४,००० धरा. वर्षाला १,००,०००. चार वर्षांचे ४ लाख.

हप्त्याच्या भाषेत हा फरक असा दिसतो. व्याज ९.५ टक्के धरू; प्रत्यक्ष दर बँकेला विचारा, बऱ्याच बँका मुलींना अर्धा टक्का सवलत देतात. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचलले, शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, तेवढा काळ सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, असं १४ वर्षांचं व्याज, म्हणजे १,३३,०००. हप्ता सुरू होताना खात्यावर ५,३३,०००, आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे ६,९००. तेच वर्षाला १,८६,००० उचलले तर हप्ता सुरू होताना साधारण ९,९१,००० आणि महिन्याला सुमारे १२,८००. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या जाहिरातींत २०,००० मानधन दिसतं. शासकीय अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, पण ती भरती कधी निघेल ते कोणाच्या हातात नाही. २०,००० मध्ये ६,९०० निघतात, ओढाताणीने. १२,८०० निघत नाहीत.

आणि त्यातलं १,३३,००० व्याजही टळू शकतं. केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं पूर्ण व्याज सरकार भरतं. बारावीनंतरचा व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम हवा. संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मूल्यांकन लागतं, पण जे अभ्यासक्रम त्या कक्षेत येत नाहीत त्यांना संबंधित परिषदेची मान्यता चालते. नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची. पुष्कळ शाखा इथे "कॉलेजला नॅक नाही" म्हणून परत पाठवतात. भारतीय नर्सिंग परिषदेच्या साइटवरचं मान्य संस्थांच्या यादीतलं कॉलेजचं पान छापून न्या आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं संलग्नता पत्र कॉलेजकडून मागून घ्या. हे व्याज सुटलं तर हप्ता सुमारे ५,२०० वर येतो.

हे अनुदान आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तरला. मुलीने शिक्षण मध्येच सोडलं तर जातं. आजारपणामुळे सोडावं लागलं तर अपवाद आहे. पण सर्वांत जास्त अनुदानं हुकतात ती एका किरकोळ कारणाने: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजूर होताना फाइलला नसतो, "नंतर देतो" म्हटलेलं असतं, आणि शाखा पोर्टलवर दावाच टाकत नाही. दाव्याची खिडकी बंद झाली की त्या वर्षाचं व्याज तुमच्या डोक्यावर. दाखला अर्जासोबतच द्या आणि दर वर्षी एप्रिलमध्ये कर्जखात्याचं स्टेटमेंट काढून बघा, अनुदान जमा झालं का. झालं नसेल तर त्याच महिन्यात लेखी विचारा.

या दाखल्याबद्दल अजून एक. तलाठ्याच्या अहवालावरून निघालेल्या दाखल्यात १,२०,००० असतात आणि त्याच माणसाच्या अर्जात, कर्ज मिळावं म्हणून, शेतीचं उत्पन्न साडेतीन लाख लिहिलेलं असतं. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये. साडेसात लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला पालकांचं उत्पन्न फुगवून दाखवायची गरजच नसते. दाखल्यावरचाच आकडा सगळीकडे लिहा.

नावांचंही तसंच. आपल्याकडे वडिलांच्या नावाला 'राव' कधी लागतो, कधी लागत नाही. बहिणीच्या दहावीच्या सनदेवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्वरराव', जातीच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर' आणि पॅनवर इंग्रजीत 'डी'च्या जागी 'जी'ने सुरू होणारं नाव. माणूस एकच आहे हे गावाला ठाऊक असतं, पोर्टलला नसतं. महाडीबीटी, पॅन आणि बँक यांतली आधार पडताळणी अशाच ठिकाणी अडकते. प्रतिज्ञापत्राने शाखा मानते, पोर्टल मानत नाही. ते आधारवरच दुरुस्त करावं लागतं. आईच्या बाबतीत माहेरचं नाव बँक पासबुकावर राहिलेलं असतं, तेही बघा.

मग अर्ज किती रकमेचा टाकायचा? यावर माझं मत थोडं वेगळं आहे. गरज ४ लाखांची आहे आणि ४ लाखांपर्यंत मार्जिन (खर्चातला स्वतः घालायचा हिस्सा) नाही, तारण नाही. तिथेच थांबावं असं वाटतं. पण महाडीबीटीचा अर्ज एखाद्या वर्षी कागदासाठी परत आला तर त्या वर्षाची शिक्षण शुल्क कोण भरणार? मंजुरी वाढवून घेणं मधल्या वर्षी त्रासाचं असतं, आणि व्याज मात्र मंजूर रकमेवर लागत नाही, उचललेल्या रकमेवर लागतं. म्हणून नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता हे दोन्ही हातात असतील तर ४ लाखांचाच अर्ज करा. वैधता अजून समितीकडे पडून असेल तर पूर्ण पत्रकाप्रमाणे मंजुरी घ्या आणि उचल फक्त गरजेपुरती करा. ४ लाखांवर देशातल्या शिक्षणाला ५ टक्के मार्जिन स्वतःचं घालावं लागतं, म्हणजे १,८६,००० च्या वर्षाला ९,३००. शिष्यवृत्ती मार्जिनमध्ये धरता येते. आणि बँकेने भरलेल्या शुल्कापोटी नंतर महाडीबीटीचे पैसे बहिणीच्या आधार जोडलेल्या खात्यात आले तर ते त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरा. शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात येतात तेव्हा दोन-पाच हजार टाकले तरी चालतात.

बँक पैसे देते ते शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काला, कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षनिहाय लिहिलेल्या पत्रकाप्रमाणे. हॉस्टेल-मेसचं वेगळं पत्र घ्या. 'विकास' म्हणून रोख मागितलेले पैसे पत्रकात नसतील तर कर्जात बसत नाहीत, आणि देऊही नयेत. कॅपिटेशन फीला राज्यात १९८७ पासून बंदी आहे.

नऊ दिवसांचं काय? कागद पूर्ण असतील तर मंजुरीला पंधरा ते तीस दिवस धरा. नऊ दिवसांत कर्जाचे पैसे कॉलेजात पडतील या भरवशावर राहू नका. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असं शासनाने कॉलेजांना सांगितलेलं आहे. शासन निर्णयाची प्रत, उत्पन्न दाखला, नॉन-क्रिमिलेअर घेऊन कॉलेजात जा आणि फक्त इतर शुल्क आणि हॉस्टेलचा पहिला हप्ता भरून प्रवेश निश्चित करा. हे पैसे रोख देऊ नका, बहिणीच्या किंवा आईच्या खात्यातून पाठवा आणि पावती बहिणीच्या नावाने घ्या. अलीकडे भरलेलं शुल्क पावती बघून कर्जातून परत देण्याची सोय बऱ्याच बँकांत आहे. ती तुमच्या बँकेत आहे का आणि किती महिन्यांपर्यंतची पावती चालते हे अर्ज देतानाच विचारा. सावकाराकडून महिन्याला तीन-चार टक्क्यांनी उचललेले पैसे या हिशेबात बसत नाहीत.

अर्ज ऑनलाइनच करायचा आहे. पीएम विद्यालक्ष्मी पोर्टल आहे. काही शाखा जनसमर्थ या सरकारी कर्ज पोर्टलवरून किंवा स्वतःच्या साइटवरून भरायला सांगतात. नोव्हेंबर २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीपुरतीच आहे, तिथे तारण-जामीन दोन्ही नाही आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. तुमचं कॉलेज यादीत नसेल तरी साधी शैक्षणिक कर्ज योजना लागू होतेच, त्यामुळे "तुमचं कॉलेज योजनेत नाही" हे उत्तर पूर्ण नाही. मोबाइल आणि ईमेल बहिणीचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला की ओटीपी चार वर्षं त्याच्याकडे. एका वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक ठिकाणी रिपोर्ट ओढला जातो. बहीण अजून सतरा वर्षांची असेल तर कागद आईच्या सहीने होतात आणि अठरा पूर्ण झाल्यावर बहिणीने ते कायम करायचे असतात. ती तारीख चुकवू नका.

ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे, देशांतर्गत शिक्षणाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी. सामाजिक न्याय भवनात चौकशी करा, पण एकाच व्याजाचे दोन परतावे मिळत नाहीत. जीएनएमला जाणाऱ्यांनीही हे सगळं वाचायला हरकत नाही, परिषदेची मान्यता असलेली नर्सिंग पदविका बँकांच्या आदर्श योजनेत नावानिशी आहे. एजंटमार्फत परराज्यात प्रवेश घेतलेल्यांना मात्र महाडीबीटीचा हा लाभ धरता येणार नाही, कर्ज पूर्ण शुल्काचं घ्यावं लागेल आणि वरचा १२,८०० चा आकडा त्यांचा आहे.

मंजुरीच्या वेळी शाखा विमा पुढे करेल. कर्जाच्या रकमेएवढा साधा मुदत विमा घ्यायला हरकत नाही, मुलीचं बरंवाईट झालं तर आई-वडिलांवर कर्ज राहत नाही. पण पंधरा वर्षं हप्ता भरायची बचत पॉलिसी "याशिवाय फाइल पुढे जात नाही" म्हणून गळ्यात घालत असतील तर नको म्हणा.

राहता राहिलं शाखेचं "नाही". तोंडी नाही कधीच स्वीकारू नका. तुमचं गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही, हे शैक्षणिक कर्ज नाकारायचं कारण होऊ शकत नाही. नाकारायचं असेल तर वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने आणि कारण लिहून. आधी शाखाधिकारी, मग विभागीय कार्यालय आणि सोबत जिल्ह्याचे अग्रणी बँक व्यवस्थापक. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. तिथे शब्द जपून वापरा. "कर्ज दिलं नाही" ही तक्रार टिकत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. "अर्ज घेतला नाही, लेखी कारण दिलं नाही, ४ लाखांच्या आत असून तारण मागितलं" ही टिकते.

म्हणून शाखेत जाताना दोन प्रतींत एक साधं पत्र न्या: ऑनलाइन अर्ज क्रमांक, तारीख, रक्कम ४,००,०००, सहकर्जदार आई, सोबतच्या कागदांची यादी, आणि खाली एक ओळ: "अर्ज अपूर्ण असल्यास कोणता कागद कमी आहे ते कृपया लेखी कळवावे." एक प्रत त्यांना, एकीवर पोच. पोच घेताना गोल शिक्का आणि तारीख दोन्ही बघून घ्या. नुसत्या सहीची पोच यवतमाळच्या कार्यालयात कोणी ओळखत नाही.